उत्तम शिक्षकाचं पदक

भटू मास्तरांच्या कोटावर नेमीचंद शेटजींनी चांदीचं पदक टाचलं तेव्हा टाळ्यांनी शाळा दणाणली, आणि मागच्या बाकावर बसलेल्या झुलाल मास्तरांना शिसारी आली. पदकाची कसली शिसारी, असं कुणी म्हणेल. पण भटू मास्तर कोण, हे ज्याला ठाऊक आहे तो तसं म्हणणार नाही. भामरखेडे गावात भटू मास्तर शिकवण्यापेक्षा झोपण्याबद्दल प्रसिद्ध होते. टोपी डोळ्यांवर ओढायची, पाय टेबलावर टाकायचे, एका पोराला पाढे म्हणायला लावायचे आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून ओरडायचं. ओरडा थांबला की मास्तर जागे व्हायचे, सुरू झाला की परत डोळे मिटायचे. या माणसाला म्हणे उत्तम शिक्षक! दगडाला शेंदूर फासला की देव होतो, इथे तर दगडाला कोटसुद्धा घातला होता.

आणि खरी गोम पुढेच होती. अगदी तसंच पदक, तीच 'उत्तम शिक्षक' ही अक्षरं कोरलेलं, झुलाल मास्तरांच्या घरी ट्रंकेत धोतरांच्या घडीखाली पडलं होतं.

भामरखेड्याचे रेल्वेच्या रुळांनी दोन तुकडे केले होते. रुळांच्या अलीकडे पेठ: मारवाड्यांची कापडाची आणि अडतीची दुकानं, वकिलांची घरं, कचेरी. पलीकडे कापसातली सरकी काढणारी जिनं, त्यांची धुराडी, आणि हंगामात कामाला येऊन तिथेच राहिलेल्यांच्या झोपड्या. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळाही दोन, एक पेठेतली आणि एक जिनाची. जळगावहून दरसाल दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे, दोन्ही शाळांची एकाच दिवशी एकच परीक्षा घ्यायचे आणि शेकडा किती पास झाले ते सांगून जायचे. पेठेतली शाळा नव्वदीच्या वर. जिनाची तिशीच्या आसपास. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कुणाला त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं.

झुलाल मास्तरांनाही वाटत नव्हतं, कारण तेव्हा ते पेठेतल्या शाळेचे हेडमास्तर होते. शेतकऱ्याच्या घरचा माणूस, धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून वरच्या नंबराने बाहेर पडलेला. नव्वदीचा निकाल हा आपल्या खडूचा पराक्रम आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. जिनाच्या शाळेवर तेव्हा भटू मास्तर होते. झुलाल मास्तर चारचौघांत म्हणायचे, "तिथला निकाल कसा वर येणार? मास्तरच घोरतोय." एका साली परीक्षेच्या तोंडावर त्यांना विषमज्वर झाला आणि ते महिनाभर अंथरुणावर पडले. शाळेत फिरकलेसुद्धा नाहीत. त्या साली निकाल दोन टक्क्यांनी चढला. तेव्हाच माणसाने ओळखायला हवं होतं. पण गर्वाला डोळे कुठे असतात? झुलाल मास्तर म्हणाले, "पाया मी घातला होता ना!"

पेठेतल्या प्रत्येक पोराला घरी शिकवणीचा मास्तर येत होता, हे त्यांना माहीत होतं. पोरांचे बाप वाचत होते, आज्या पोथ्या सांगत होत्या, घराघरात दिवा, तेल, पुस्तक आणि पोटभर जेवण होतं. हे सगळं त्यांना माहीत होतं, फक्त त्याची बेरीज त्यांनी कधी केली नव्हती.

मग नेमीचंद शेटजींच्या डोक्यातून ती अदलाबदल निघाली. शेटजी कापसाचे बडे व्यापारी आणि शाळा कमिटीचे चेअरमन. माणूस तसा खोटा नव्हता. त्यांना वाटलं, चांगला मास्तर वाईट शाळेला द्यावा आणि वाईट मास्तर चांगल्या शाळेत ठेवून सुधारावा. झुलाल मास्तर जिनाच्या शाळेत गेले, भटू मास्तर पेठेत आले. याहून चोख कसोटी कुणी लावली नसती. दोन परीक्षा झाल्या. पेठेतला निकाल चौऱ्याण्णव, जिनाचा एकतीस. जे शेंबड्या पोरालाही कळावं ते कमिटीला कळलं नाही. कमिटीने निष्कर्ष काढला की भटू मास्तर सुधारले आणि झुलाल मास्तर बिघडले.

पदक टाचून झाल्यावर शेटजी बोलायला उभे राहिले. एकोणीसशे एकतीस साल, मंदीने कापसाचा भाव बसवलेला आणि सरकारने ग्रँट कापलेली. "दोन शाळांचा भार आता झेपत नाही," शेटजी म्हणाले. "पुढच्या परीक्षेत जिनाच्या शाळेचा निकाल निम्म्याच्या वर गेला तर ठीक. नाही गेला तर ती शाळा बंद करू आणि तिथली पोरं इथे घेऊ. चांगल्या शाळेत येतील, त्यांचंही भलंच होईल."

त्यावरही टाळ्या पडल्या. झुलाल मास्तर पान न घेताच उठले.

जिनाची शाळा म्हणजे जुन्या सरकी-गोदामाची पडवी. जिन चालू असलं की हवेत कापसाची तूस उडत असे. ती पोरांच्या केसांत बसे, पाटीवर बसे, घशात बसे. सकाळी भोंगा झाला की निम्मा वर्ग हळूच उठे, कारण आयांच्या हाताखाली कापूस निवडायला पोरं लागत. हंगाम दिवाळीला सुरू होई आणि परीक्षा संपली तरी संपत नसे. पहिल्या वर्षी झुलाल मास्तरांनी आरडाओरडा केला, छडी चालवली, पेठेत चालायची ती प्रत्येक युक्ती वापरली. काही उपयोग झाला नाही. मग हळूहळू त्यांनी शिकवायचं सोडून बघायला सुरुवात केली, आणि बघितल्यावर त्यांना खरं शिकवता येऊ लागलं. हे मात्र धुळ्याच्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

या शाळेत तानी होती. भिकुबाई नावाच्या जिनातल्या बाईची पोर. ती आली तेव्हा पाटीवर रेघ ओढ म्हटलं तर पेन्सिल मुठीत धरून पाटी ओरबाडायची. हुशार वगैरे काही नव्हती. आज शिकवलेलं उद्या विसरायची आणि विसरली की बोट तोंडात घालायची. भिकुबाईने एकदा पडवीच्या दाराशी उभं राहून सांगितलं होतं, "मास्तर, मन्हा मायक हाई पोरले अंगठा लावना पडाले नको. इतलंच करा."

मास्तरांनी इतलंच करायचं ठरवलं: पोरीला आईसारखा अंगठा लावावा लागू नये. अक्षराखाली बोट ठेवायचं, तानीने वाचायचं आणि बरोबर आलं की मास्तरांनी मोठ्याने "बरोबर!" म्हणायचं. या एका शब्दाची पोरीला चटकच लागली. वाचून झालं की ती मान वर करून मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसायची. "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढच्या अक्षरावर जायचीच नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं आणि एक दिवस तानीने जिनाच्या फाटकावरची पाटी आपणहून वाचली. "आ-त ये-ण्या-स म-ना-ई आ-हे." वाचून झाल्यावर ती मास्तरांकडे बघून हसली. पेठेतल्या सगळ्या नव्वदींपेक्षा त्या दिवशी झुलाल मास्तरांना जास्त आनंद झाला, आणि हा आनंद कुठल्या शेकड्यात बसणार नाही हेही त्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं.

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा भटू मास्तर एका संध्याकाळी मुद्दाम रूळ ओलांडून आले. तंबाखूची चंची काढली आणि पडवीच्या पायरीवर ऐसपैस बसले.

"झुलालभाऊ, तू येडा शे," ते म्हणाले. "मी इठे सात वरीस काढात. पहिले तुन्यासारखाच घसा फाडा. निकाल पडे तितलाच पडे. मंग मी झोपाले लागनू, तरी निकाल तितलाच! आते पेठमा बी झोपस, तर निकाल चौऱ्याण्णव. मन्हा झोपमा काय फरक शे, सांग बरं?"

झुलाल मास्तरांना हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. हा लठ्ठ, आळशी माणूस जे जाणून होता ते जाणायला त्यांना स्वतःला पेठेतलं नाव गमवावं लागलं होतं, आणि याने मात्र त्या जाणण्याची उशी करून डोक्याखाली घेतली होती.

"शाळा वाचाडनी का नई?" भटू मास्तरांनी विचारलं. "मंग ज्या पोऱ्या पास व्हनार नईत, त्यासनं नाव काढी टाक. गैरहजर म्हनी लिख. परीक्षा व्हयनी का परत नाव लाव. बठ्ठा मास्तर करतस. मी बी करस."

"ज्यांच्यासाठी शाळा वाचवायची त्यांचीच नावं काढून?"

"मंग कोनी काढू? शेटना नातूनं?"

"ऊठ इथून," झुलाल मास्तर म्हणाले. भटू मास्तर मुळीच रागावले नाहीत. पायरीवर पिचकारी मारून, कुल्ल्यांवरची तूस झटकून ते आल्या वाटेने परत गेले. त्या पिचकारीचा डाग मास्तरांनी पाणी ओतून धुतला, तरी ओकारी यायची ती आलीच.

त्यांनी एकही नाव काढलं नाही.

परीक्षेच्या दिवशी दिपोटी साहेबांचं जेवण शेटजींकडे होतं. शेटजींच्या पत्नी राजकुंवरबाईंनी खास खापरावरचे मांडे करवले होते. साहेबांनी आधी पेठेतली शाळा तपासली, मग पोट सावरत रूळ ओलांडून जिनाच्या शाळेत आले. झुलाल मास्तर सकाळपासून जिनाच्या दाराशी मुकादमाच्या हातापाया पडून एकेक पोर ओढून आणत होते. पोरं बसली तीही डोक्यावर कापूस घेऊनच.

गणित झालं, कविता झाल्या आणि मग लेखन. विषय दोन्ही शाळांना एकच, 'सुटीत मी काय केले', दहा ओळी. पेठेतल्या प्रत्येक पोराने सुटीत आगगाडीने मामाच्या गावाला जाऊन, वाटेत नदीचा पूल बघून, मामीच्या हातचे लाडू खाल्ले होते. शिकवणीच्या मास्तरांनी तसं घोकून घेतलं होतं. शेटजींचा नातू निर्मलकुमार त्या सुटीभर हिवतापाने कण्हत पडला होता. पण कागदावर तोही मामाकडे जाऊन लाडू खाऊन आला आणि पास झाला.

तानीने जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून बराच वेळ लिहिलं. साहेबांनी पाटी उचलली. तिच्यावर लिहिलं होतं: 'मी सुटीत जिनात गेले. आईला खोकला आला. मी आईच्या वाटणीचा कापूस निवडला.'

"तीनच ओळी? दहा मागितल्या होत्या," साहेब म्हणाले.

"साहेब," झुलाल मास्तर म्हणाले, "या पोरीला दोन वर्षांपूर्वी पाटीवर रेघ ओढता येत नव्हती. आणि या तीन ओळी तिच्या स्वतःच्या आहेत. आज तुम्ही जेवढं लेखन वाचलंत त्यात दुसऱ्या कुणाचं काही स्वतःचं होतं का?"

दिपोटी साहेब निर्दय नव्हते. त्यांनी पाटी परत एकदा वाचली, चष्मा काढून पुसला. "तुमचं म्हणणं मला कळतंय, मास्तर. पण मी पाहायचं ते आज इथे काय आहे एवढंच. कोण कुठून निघालं ते लिहायला मला जागा दिलेली नाही." आणि त्यांनी तानीला नापास केलं. तानीला ते तिथेच कळलं आणि ती रडायला लागली, तर साहेबांनी तिला खिशातला खडीसाखरेचा खडा दिला. दया दाखवायला माणसाला खडीसाखर बरी सापडते.

निकाल शेकडा चौतीस. मागच्यापेक्षा तीन जास्त, पण पन्नास कुठे आणि चौतीस कुठे?

झुलाल मास्तर शेटजींच्या पेढीवर गेले. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि तोलाईचा काटा खालीवर होत होता. शेटजींनी त्यांना गादीवर बसवलं, पाणी मागवलं.

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "माझ्याकडे तागडी सगळ्यांना एकच. माझ्या नातवाला जी परीक्षा तीच जिनाच्या पोरांना. यापेक्षा न्याय आणखी काय असतो?"

"शेटजी, तागडी एक आहे हे मान्य," झुलाल मास्तर म्हणाले. "पण पावसात भिजलेली गाडी आली तर तुम्ही ती सुक्या कापसासारखीच तोलून घेता? ओलीची घट धरून वजन कापताच ना? काट्यावर जे दिसतं त्यातलं कापसाचं किती आणि पाण्याचं किती, हे आधी बघता. मग नव्वद टक्क्यांत शाळेचं किती आणि घराचं किती, हे कोण बघणार? मी तोच मास्तर, तोच फळा, तोच खडू. पेठेत नव्वद, जिनात तीस. भटू मास्तर जिनात तीस, पेठेत चौऱ्याण्णव. तुम्हीच आम्हाला अदलून बघितलंत, आणि जे दिसलं ते तुम्हालाच दिसेना?"

शेटजींनी बाहेरच्या काट्याकडे एकदा बघितलं. मग गालातल्या गालात हसले. "मुद्दा तुम्ही चांगला काढलात. पण ओल्या कापसाची घट मी का धरतो? न धरली तर नुकसान माझं होतं म्हणून. इथे घट नाही धरली तर माझं काय जातं?" ते हे थट्टेने म्हणाले, पण खोटं बोलले नाहीत. "आणि पोरं चांगल्या शाळेत येताहेत, मास्तर. तुम्हालाही तिथेच घेतोय. रडता कशाला?"

उन्हाळ्यात जिनाची शाळा बंद झाली. पडवीत परत सरकी भरली.

पोरं पेठेतल्या शाळेत आली. झुलाल मास्तरही आले, भटू मास्तरांच्या हाताखाली, तिसरीच्या वर्गावर. पहिल्याच आठवड्यात पेठेतल्या बाया तक्रार घेऊन आल्या की जिनाच्या पोरांमुळे आमच्या पोरांच्या डोक्यात उवा झाल्या. भटू मास्तरांनी जिनाच्या पोरांना दाराशी बसवलं. पेठेतल्या पोरांनी तानीचं नाव 'कापूस' ठेवलं. फळा दारातून दिसत नसे. रूळ ओलांडायला मालगाडी जाईतो थांबावं लागे, मग उशीर होई, आणि उशीर झाला की भटू मास्तर छडी मारत. छडी मारण्यापुरते ते जागे असत. पावसाळा संपेपर्यंत निम्मी पोरं गळाली. दिवाळीला जिनाचा भोंगा झाला आणि उरलेलीही गेली. तानी तेवढी अधूनमधून येई. मग भिकुबाईचा खोकला वाढला आणि तीही येईनाशी झाली.

झुलाल मास्तर तिला आणायला गेले नाहीत असं नाही, दोनदा गेले. भिकुबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "सीझन सरू द्या, मास्तर. मंग धाडस." सीझन सरायच्या आत परीक्षा येणार हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मास्तरांना तिला सांगवलं नाही.

परीक्षेच्या आधी भटू मास्तर वर्गात आले. "गैरहजर पोऱ्यासनं नाव काढी टाक," ते म्हणाले.

"तानीला मी आणीन परीक्षेला," झुलाल मास्तर म्हणाले.

"आन ना. कोन नई म्हनस?" भटू मास्तर जांभई देत म्हणाले. "पन दिपोटीना समोर उभी करशी नी परत नापास करशी? गये साल रडनी होती ती. तुलेच दखावत नव्हतं म्हने. परीक्षा व्हई जाऊ दे. मंग नाव लाव, मांडीवर बसाडीसन शिकाड."

त्या लठ्ठ तोंडातून दयेचा शब्द निघाला आणि नेमका तोच झुलाल मास्तरांना फसवून गेला. खरंच, पोरीला कशाला रडवायचं? परीक्षा होऊ दे, मग लावू परत नाव. आदल्या साली ज्या गोष्टीची त्यांना ओकारी आली होती ती त्यांनी या साली स्वतःच्या हाताने, लाल शाईने, पट्टी लावून सरळ रेघ ओढून केली. एकदा तानीचं नाव काढल्यावर बाकीची नावं काढायला वेळ लागला नाही.

दिपोटी साहेब आले, मांडे जेवले, परीक्षा घेऊन गेले. पोरं याही साली आगगाडीने मामाकडे जाऊन आली. झुलाल मास्तरांच्या वर्गाचा निकाल शेकडा शंभर लागला.

समारंभाला तीच खुर्ची, तेच हार, तेच चेअरमन. नेमीचंद शेटजींचा चेहरा आनंदाने फुलला होता. "मी काय म्हणत होतो?" ते सभेला म्हणाले. "माणूस वाईट नव्हता, शाळा वाईट होती. चांगल्या शाळेत आला आणि सुधारला. आणि ऐका, दोन शाळा एक केल्या तरी आपला निकाल एका टक्क्यानेही खाली आला नाही. याला म्हणतात कारभार!" त्यांनी झुलाल मास्तरांच्या कोटावर पदक टाचलं. दिपोटी साहेब मुद्दाम जळगावहून आले होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, "मास्तर, एका वर्षात चौतिसाचे शंभर! असं काय बदललंत, इतर शाळांना सांगता येईल असं?"

झुलाल मास्तर उभे राहिले. "मी काहीच बदललं नाही, साहेब," ते म्हणाले. "मी तोच आहे. पोरं बदलली."

सभा खळखळून हसली. "केवढा विनय!" दिपोटी साहेब म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं बोललं तरी टाळ्याच पडतात म्हटल्यावर माणसाने करायचं तरी काय? भटू मास्तरांनी शेजारून त्यांच्या मांडीवर थाप मारली आणि पानाचा विडा पुढे केला. झुलाल मास्तरांनी तो घेतला.

घरी जायला रूळ ओलांडायची गरज नव्हती. तरी त्यांचे पाय तिकडे वळले. उद्या शाळेत तानीचं नाव लावायचं, तेवढं भिकुबाईला सांगून यावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पदक कोटावरच राहिलं होतं. जिनाच्या फाटकाशी दुपारच्या सुटीत बायामाणसं भाकरी खात बसली होती. भिकुबाई त्यांना बघून लगबगीने उठली. वर्षभरात ती निम्मी झाली होती.

"मास्तर, तुम्ही पास व्हयनात म्हनतस!" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिच्या तोंडावर निखळ आनंद होता, आणि तो टोमण्याहून जड गेला. "मुकादम सांगे. लई चांगलं व्हयनं. गये साल तुम्हना वर बठ्ठा नाराज होतात." मग ती मागे वळून ओरडली, "ए तानी, इकडे ये. दख, मास्तरले चांदीना बिल्ला भेटना."

तानी सरकीच्या ढिगामागून आली. भुवयांवरसुद्धा तूस बसली होती. ती जवळ आली, टाचा उंच करून पदकाकडे बघू लागली. मग तिने बोट वर केलं, आणि मास्तरांनी शिकवलं होतं तसं अक्षराखाली ठेवलं.

"उ-त्त-म," ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. "शि... शि-क्ष-क." आणि सगळं जोडून एकदमच, "उत्तम शिक्षक."

जोडाक्षरंसुद्धा अडखळली नाही. शाळा सुटून महिने झाले होते तरी पोरगी विसरली नव्हती. वाचून झाल्यावर ती बोट तिथेच ठेवून, मान वर करून मास्तरांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

झुलाल मास्तरांनी तोंड उघडलं. एक शब्द म्हणायचा होता, रोज म्हणायचे तोच. तो बाहेर पडेना. ज्या अक्षरांवर तिचं बोट होतं त्यांना बरोबर कसं म्हणायचं? घशात विड्याची लाळ साचली होती, ती गिळवेना आणि थुंकवेना. नाव उद्या लावायचं आहे, हे सांगायलाही जीभ हलेना.

तानी थांबली. आणखी थोडी थांबली. मग भोंगा झाला. तिने बोट काढून घेतलं, तोंडात घातलं आणि खाली मान घालून आत निघून गेली. तिला वाटलं असणार, आपलं चुकलं.